सिंधुदुर्ग बेट: तट, विहीर आणि पाण्याखालचं जग

बेट म्हटलं की आपल्याला अंदमान नाहीतर मालदीव आठवतं. पण कोल्हापुरातनं राधानगरी, फोंडाघाट, कणकवली असं उतरलं की चारेक तासांत मालवण येतं. तिथल्या जेट्टीवरून होडीत बसायचं, की थोड्या वेळात कुरटे बेट. त्यावरच सिंधुदुर्ग किल्ला उभा आहे. बरेच जण तटावर फोटो काढतात आणि परततात. आपण हे बेट तीन थरांत बघू.

पहिला थर तटाचा. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये काम सुरू केलं, १६६७ मध्ये ते पूर्ण झालं. तट सुमारे तीन किलोमीटर लांब, आत ४८ एकर जागा. दरवाजा असा वळणात लपवलाय की समुद्रातून पटकन सापडत नाही. पुढे हा किल्ला आपल्या कोल्हापूरच्या छत्रपतींकडे होता. १७६५ मध्ये तो इंग्रजांनी घेतला, नाव ठेवलं फोर्ट ऑगस्टस, आणि पुढच्याच वर्षी परत केला.

दुसरा थर विहिरींचा. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चारी बाजूंना खारं पाणी आणि आत गोडं, हे कसं काय? पावसाचं पाणी जमिनीत मुरतं. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, म्हणून बेटांखाली ते खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. पण उपसा जास्त झाला की खालचं खारं पाणी वर सरकतं. म्हणून बेटावर पाणी जपूनच वापरायचं.

तिसरा थर पाण्याखाली. किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, कारण इथं प्रवाळ आहेत. दिसायला दगड, पण ती जिवंत प्राण्यांची वसाहत असते. गोळ्यासारखे घट्ट प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतात. म्हणजे स्नॉर्केलिंग करताना दमून एखाद्यावर पाय टेकला, तर तुमच्या वयाएवढी वाढ एका क्षणात मोडू शकते. तुकडा घरी आणणं तर वन्यजीव कायद्यानं गुन्हाच आहे.

मग करायचं काय? लाइफ जॅकेट घाला, तरंगत राहा, दम लागला तर होडी धरा. नांगर प्रवाळावर न टाकता वाळूत टाका, असं होडीवाल्या दादांना आधीच सांगा. आणि हो, पावसाळ्यात होड्या बंद असतात, तेव्हा बेत दिवाळीनंतरचा आखा.

तट साडेतीनशे वर्षं टिकलाय. प्रवाळ टिकणार का, ते आपण पाय कुठं ठेवतो त्यावरही आहे. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!