कॉपी आणि कारभार

दहावी-बारावीच्या परीक्षा आल्या की कॉपीमुक्त अभियान, भरारी पथके, बैठी पथके यांच्या बातम्या सुरू होतात आणि चिठ्ठीसह सापडलेल्या मुलाला दोषी धरून विषय संपतो. पण सामूहिक कॉपी एकट्या मुलाला जमत नाही. प्रश्नपत्रिका बाहेर पोचवावी लागते, कोणीतरी उत्तरे लिहून काढतो, त्यांच्या झेरॉक्स निघतात आणि गठ्ठा खिडकीतून आत येताना पर्यवेक्षक पाठ फिरवतो. निकालाची टक्केवारी टिकायला हवी म्हणून संस्था गप्प राहते. नियम भिंतीवर लावायला असतात आणि काम ओळखीने, पैशाने होते, हा धडा सोळा वर्षांच्या मुलाला मोठी माणसेच तिथे देतात.

हा नुसता संशय नाही. सायमन गेख्टर आणि जोनाथन शुल्झ या संशोधकांनी 23 देशांतल्या तरुणांवर केलेला प्रयोग 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. फासा कोणी पाहत नसताना टाकायचा, पडलेला आकडा आपणच सांगायचा, त्यावर पैसे मिळणार. ज्या देशांत भ्रष्टाचार, करचुकवेगिरी, राजकीय लबाडी जास्त, तिथे खोटे आकडेही जास्त निघाले. देशांची ती स्थिती 2003 च्या आकडेवारीवरून ठरवली होती. तेव्हा ही मुले लहान होती. म्हणजे समाज त्यांनी बिघडवलेला नव्हता.

मग मुलांना बोल कशाला, समाज सुधारला की कॉपी थांबेल, असे कोणी म्हणेल. पण त्या समाजाचा कारभार उद्या हीच मुले चालवणार आहेत. रेमा हॅना आणि शिंग-यी वांग यांनी बंगळूरच्या विद्यार्थ्यांना 42 वेळा फासा टाकायला लावला. ज्यांचे आकडे संशयास्पद रीतीने फुगलेले होते, त्यांचा ओढा सरकारी नोकरीकडे अधिक होता. याच चाचणीत लबाडी करणाऱ्या सरकारी परिचारिका कामावरही जास्त गैरहजर असत. डेन्मार्कमध्ये मात्र अशाच प्रयोगात उलटे दिसले: सरकारी सेवेत प्रामाणिक तरुणांनाच जावेसे वाटते. नोकरीकडे कोण वळेल, हे त्या नोकरीत वरकमाईची आशा किती यावर बरेच अवलंबून असावे, असा अर्थ मी त्यातून घेतो.

महाराष्ट्रातल्या शिक्षक पात्रता परीक्षेच्या (टीईटी) प्रकरणात परीक्षेतल्या लबाडीपासून सरकारी कारभारापर्यंतची ही साखळी स्पष्ट दिसली. डिसेंबर 2021 मध्ये पुणे पोलिसांनी राज्य परीक्षा परिषदेच्या तत्कालीन आयुक्तांना अटक केली. 2019 च्या परीक्षेत नापासांचे गुण वाढवल्याचे तपासात आढळले आणि पुढे साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. ही परीक्षा शिक्षक होण्याची पात्रता ठरवणारी. पैसे मोजून पास झालेला माणूस उद्या वर्गात पर्यवेक्षक म्हणून उभा राहिला, तर तो कोणाची चिठ्ठी काढून घेणार?

शाळेत कॉपी करून पुढे सचोटीने जगणारी माणसे आहेत, हे खरे. एका चिठ्ठीने कोणी लाचखोर होत नाही. परीक्षा घोकंपट्टीची आहे, नोकऱ्या तोकड्या आहेत, हेही खरे. पण विकत घेतलेल्या गुणांनी मागे पडतो तो तितकाच गरजू, अभ्यास करणारा उमेदवार, म्हणून ही सबब मला मान्य नाही. परीक्षांतले गैरप्रकार रोखण्यासाठी जून 2024 मध्ये लागू झालेल्या केंद्रीय कायद्याचाही रोख परीक्षार्थीवर नाही. संघटित गैरप्रकाराला 10 वर्षांपर्यंत कैद आणि किमान 1 कोटी रुपये दंड आहे. मात्र हा कायदा केंद्रीय भरती आणि प्रवेश परीक्षांपुरता आहे. बोर्डाच्या परीक्षांसाठी राज्याचा 1982 चा कायदा आहे. सामूहिक कॉपी सापडेल तिथे त्याखालची पहिली चौकशी केंद्रसंचालकाची आणि संस्थाचालकांची व्हावी, मुलाची त्यानंतर.