दोर कुणाच्या हातात? वेस्टर्न कादंबऱ्यांमधला न्याय आणि दोस्ती

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा आजच्या एपिसोडचा लेखी अवतार.

मागच्या वेळी एका मित्राने विचारलं, "दिवसभर कोड लिहिणारा माणूस तू, त्या घोडे-पिस्तुलांच्या कादंबऱ्यांत तुला काय सापडतं?" खरं सांगू? मला त्यात एक प्रश्न सापडतो. जवळ पोलीस नाहीत, कोर्ट कित्येक दिवसांच्या वाटेवर आणि गुन्हा केलेला माणूस तुमचाच जिगरी दोस्त. मग करायचं काय?

(पुढे स्पॉयलर आहेत. आधीच सांगून ठेवतो!)

थोडी पार्श्वभूमी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये हजारो गुरं कुंपण नसलेल्या माळरानावर चरायची. जनावर कुणाचं, हे कळायचं कातडीवरच्या डागावरून. तापलेल्या लोखंडाचा तो डाग म्हणजे मालकाची सहीच. बिनडागाचं वासरू दिसलं की त्यावर आपला डाग मारणं सोपं, पण ती चोरी कोर्टात सिद्ध करणं अवघड. त्यात ज्युरीत बसणारे साधे लोक बड्या मालकांवर चिडलेले. आरोपी सुटायचे. मग मालकांनी दोर स्वतःच्या हातात घेतला.

या काळावर ओवेन विस्टरने १९०२ साली 'द व्हर्जिनियन' लिहिली. पुढच्या कितीतरी वेस्टर्न कादंबऱ्यांचा साचा तिने घालून दिला. नायकाचा जुना दोस्त स्टीव्ह गुरं चोरताना पकडला जातो आणि त्याला फाशी देणाऱ्या टोळीचा म्होरक्या नायकच असतो. शेवटच्या रात्री स्टीव्ह बाकी सगळ्यांशी बोलतो, याच्याशी मात्र अवाक्षर नाही. नायकाला वाटतं, दोस्त राग धरून गेला. नंतर वर्तमानपत्रावर पेन्सिलीने लिहिलेला निरोप मिळतो. त्याचा मतलब एवढाच, की तुझ्याशी बोललो असतो तर मी रडलो असतो.

दुसरी कादंबरी लॅरी मॅकमर्ट्रीची 'लोन्सम डव्ह', १९८५ सालची. तिला पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं. मी ती हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये ऑडिओबुकवर संपवली, म्हणजे बघा केवढी असेल! गस आणि कॉल हे दोन माजी टेक्सस रेंजर. त्यांचा जुना साथीदार जेक खुनी घोडेचोरांच्या नादी लागतो आणि या दोघांना त्याला फाशी द्यायची वेळ येते. जेक काय करतो? गळ्यात दोर असताना स्वतःच घोड्याला टाच मारतो. दोस्तांवर ते काम येऊ देत नाही. हे ऐकताना बस सिग्नलला उभी होती आणि मी खिडकीकडे तोंड फिरवून बसलो होतो.

पुढे गस मरतो आणि कॉल दिलेल्या शब्दाखातर त्याचा मृतदेह मोंटानाहून टेक्ससला नेतो. यामागे खरी घटना आहे. ऑलिव्हर लव्हिंग १८६७ मध्ये जखमांनी वारला आणि त्याचा भागीदार चार्ल्स गुडनाइट याने त्याचा देह टेक्ससला नेऊन पुरला. या पुस्तकांतली माणसं प्रेमाबद्दल बोलत नाहीत, काम करून दाखवतात.

पण इथेच थांबलो तर अर्धंच सांगितलं असं होईल. वायोमिंगमध्ये १८९२ साली बड्या मालकांनी बंदूकधारी भाड्याने आणले, मारायच्या माणसांची यादी बनवली आणि नेट चँपियनसह दोघांना ठार केलं. शिक्षा कुणालाच झाली नाही. विस्टरची कादंबरी मालकांच्याच बाजूने बोलते. शिवाय हे माळरान मूळ रहिवाशांकडून हिसकावलेलं, हेही अशा पुस्तकांत बहुतेकदा विसरलेलं असतं.

म्हणून तिसरं पुस्तक महत्त्वाचं: वॉल्टर व्हॅन टिलबर्ग क्लार्कचं 'द ऑक्स-बो इन्सिडेंट', १९४०. गावात बातमी येते, एकाचा खून झाला, गुरं चोरीला गेली. जमाव निघतो. तिघे सापडतात. त्यांच्यातला एक म्हणतो, गुरं विकत घेतलीत, पण त्याच्याकडे पावती नसते. पहाटे तिघांना फाशी. परतीच्या वाटेवर कळतं, की 'मेलेला' माणूस जिवंत आहे.

हे वाचून मला आमचं हॉस्टेल आठवलं. एकाचा फोन गेला आणि रात्री अकराला दहा-बारा जणांनी ठरवलं, की तो माझ्या रूममेटनेच घेतला. कारण काय, तर त्याच्याकडे पैसे नसायचे. त्याची बॅग पलंगावर उलटी केली. मी दारात उभा होतो, गप्प. तीन दिवसांनी फोन लाँड्रीवाल्याकडे सापडला. बॅग उलटी करणाऱ्यांपैकी कुणी सॉरी म्हणालं नाही. मीही नाही.

पुस्तक संपवल्यावर, सात वर्षांनी, त्याला फोन केला आणि माफी मागितली. तो म्हणाला, "बॅग कुणी उलटी केली ते मी विसरलो रे. तू दारात होतास, ते आठवतं."

तर मित्राला माझं उत्तर हे. ही पुस्तकं विचारतात, की पुरावा बघायच्या आधी तू कुणाच्या बाजूने उभा राहिलास? आपल्याकडे आता घोडे नाहीत, पण ग्रुपवर एखाद्याचा फोटो फिरवून निकाल लावायला आपल्याला पाच मिनिटं पुरतात.

सुरुवात 'ऑक्स-बो'पासून करा, लहान आहे. 'लोन्सम डव्ह' लांबच्या प्रवासाला ठेवा. आणि तुमचाही असा एखादा फोन करायचा राहिला असेल, तर एपिसोड शेअर करण्याआधी तो करा. भेटू पुढच्या वेळी!