सह्याद्रीचं धाकटं भावंड मॉरिशसमध्ये आहे! ‘ल पूस’ची धार चढण्याआधी हे नक्की वाचा

मॉरिशस म्हटलं की डोळ्यांसमोर येतो निळा समुद्र, पांढरी वाळू आणि हनिमूनचे फोटो. पण राजधानी पोर्ट लुईच्या अगदी पाठीशी काळ्या कातळाची एक डोंगररांग उभी आहे. सह्याद्रीत भटकलेल्या कुणालाही ती पहिल्याच नजरेत ओळखीची वाटेल.

हा निव्वळ योगायोग नाही. या दोन डोंगरांचं खरोखरच नातं आहे.

नातं नेमकं काय?

पृथ्वीच्या पोटात काही ठिकाणांहून तप्त खडक सतत वर येत असतो. अशा जागेला ‘हॉटस्पॉट’ म्हणतात. हॉटस्पॉट बराचसा एकाच जागी राहतो, पण त्याच्यावरचे भूपट्ट सरकत असतात. पेटत्या मेणबत्तीवरून कागद हळूहळू सरकवला, तर त्यावर डागांची रांग उमटेल. तसंच काहीसं इथे होतं.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी आपला पश्चिम भारत अशाच एका हॉटस्पॉटवर होता. तेव्हा लाव्ह्याचे थरावर थर साचले आणि दख्खनचं पठार तयार झालं. सह्याद्रीच्या कड्यांवर दिसणारे आडवे पट्टे म्हणजे तेच थर. पुढे भारत उत्तरेकडे सरकत गेला आणि मागे लक्षद्वीप, मालदीव, चागोस अशी बेटांची माळ राहिली. नंतर हॉटस्पॉट आफ्रिकेच्या भूपट्टाखाली आला आणि सुमारे ८० लाख वर्षांपूर्वी मॉरिशस समुद्रातून वर आलं.

तो हॉटस्पॉट आजही जागा आहे. मॉरिशसपासून सुमारे २०० किलोमीटरवरच्या रियुनियन बेटावर पितों द ला फुर्नेज हा ज्वालामुखी अधूनमधून लाव्हा ओकत असतो.

डार्विनही चढला होता हा डोंगर

‘ल पूस’ म्हणजे फ्रेंचमध्ये अंगठा. शिखराचा आकार वर केलेल्या अंगठ्यासारखा आहे, म्हणून हे नाव. उंची ८१२ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जेमतेम निम्मी.

१८३६ साली ‘बीगल’ जहाजाने जगाची सफर करून परतताना चार्ल्स डार्विन मॉरिशसला थांबला आणि हा डोंगर चढला. बेटाच्या मधोमध पठार, त्याच्याभोवती तुटक्या डोंगरांचं कडं आणि त्या डोंगरांचे थर समुद्राकडे उतरते, हे त्याने नोंदवून ठेवलं. आज आपल्याला माहीत आहे, की हे डोंगर म्हणजे एका भल्यामोठ्या जुन्या ज्वालामुखीचे शिल्लक राहिलेले अवशेष आहेत.

वाट कशी आहे?

सोपी वाट सेंट पिएर गावाच्या बाजूने जाते. सुरुवात उसाच्या शेतांतून होते. मग झाडीतून चढ लागतो आणि आपण धारेवरच्या मोकळ्या सपाटीवर येतो. इथे वारा भणाणत असतो. शेवटचा अंगठ्याचा टप्पा छोटा, पण खडा आणि कातळाचा. तिथे हातांचा आधार घ्यावा लागतो. सवय असलेल्याला जाऊन-येऊन साधारण तीन तास पुरतात. पोर्ट लुईच्या बाजूची वाट जास्त लांब आणि दमवणारी आहे.

माथ्यावरून शेजारचा ८२० मीटर उंचीचा ‘पीटर बोथ’ दिसतो. त्याच्या टोकावर माणसाच्या डोक्यासारखा एक प्रचंड धोंडा आहे. पऱ्यांचं गुपित फोडणारा गवळी दगड झाला, अशी त्याची लोककथा तिथे सांगतात.

एका बाजूला बंदर, दुसऱ्या बाजूला ऊस

माथ्यावर उभं राहिलं की एकीकडे पोर्ट लुई बंदर दिसतं. १८३४ पासून जवळपास पाच लाख गिरमिटिया मजूर याच बेटावर उतरले. त्यांत कोकणातली मराठी माणसंही होती. त्यांच्या आगमनाची जागा, आप्रवासी घाट, २००६ पासून जागतिक वारसा आहे. डोंगराच्या दुसऱ्या बाजूला दिसतात ती उसाची शेतं. या मजुरांची आयुष्यं अशाच शेतांत गेली.

याच उसाने बेटाचं जंगलही गिळलं. मॉरिशसचं मूळचं, चांगल्या स्थितीतलं जंगल आज दोन टक्क्यांहूनही कमी उरलं आहे. जे वाचलं, त्यातलं बरंच अशा डोंगरांवर आणि घळींत आहे, कारण तिथे नांगर पोहोचला नाही. आता त्यालाही धोका आहे तो बाहेरून आलेल्या झाडांचा. त्यातला मोठा खलनायक म्हणजे ‘चिनी पेरू’. नाव चिनी, पण मूळ ब्राझीलचं. लालचुटूक फळं चवीला छान असतात, पण त्याच्या दाट जाळीखाली स्थानिक रोपं तगत नाहीत.

जाणार असाल तर...

• मे ते नोव्हेंबर हा कोरडा काळ उत्तम. जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचे दिवस, तेव्हा टाळा.
• पाऊस पडून गेला असेल तर शेवटचा कातळ चढू नका. ओला बसाल्ट किती निसरडा होतो, हे पावसाळी ट्रेक करणाऱ्यांना सांगायला नको.
• सकाळी लवकर निघा. जून-जुलैत सूर्य संध्याकाळी सहाच्या आत मावळतो.
• बुटांना चिकटलेला चिखल चढण्याआधी आणि उतरल्यावर झाडून टाका. त्यातूनच नको असलेल्या बिया डोंगरावर पोहोचतात.
• पेरू खाल्लात, तर बिया वाटेवर थुंकू नका.
• पायवाट सोडू नका. रीलसाठी ज्या झुडपावर पाय पडेल, ते जगात फक्त याच बेटावर उगवणारं असू शकतं.

मॉरिशसचं तिकीट काढलं असेल, तर किनाऱ्याच्या दिवसांतली एक सकाळ या धारेसाठी नक्की राखून ठेवा. आणि तिकडे जाणारा एखादा ट्रेकवेडा मित्र असेल, तर त्याला हा लेख पाठवायला विसरू नका!