हॅमस्टरची ‘ओली शेपटी’ : लक्षणे व उपाय
सीरियन हॅमस्टरच्या 3 ते 8 आठवड्यांच्या पिल्लांस विशेषेकरून ग्रासणारा, आईपासूनचा वियोग, प्रवास वा दाटीवाटी यांच्या ताणाने बळावणारा आणि उपचाराअभावी दोन-तीन दिवसांत प्राण घेणारा हा आंत्रविकार बहुधा लॉसोनिया जातीच्या जिवाणूमुळे उद्भवतो. शेपटीखालचे केस पातळ विष्ठेने चिकटलेले, पाठीला पोक आलेले, डोळे निस्तेज आणि अन्नावरची वासना उडालेली दिसताच त्या जिवास अलग ठेवून उबेची तजवीज करावी, पिंजरा निर्जंतुक करावा आणि ताबडतोब पशुवैद्य गाठावा. घरातले पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन मात्र हरगिज देऊ नये. कारण त्यायोगे आतड्यांतील हितकर जिवाणू नष्ट होऊन विषारी जिवाणू माजतात व औषधच मृत्यूस कारण होते. एवढ्याशा देहाला एका रात्रीची दिरंगाईही सोसत नाही.