बुद्धिबळाच्या नव्या प्रकाराची पारख

बुद्धिबळाचा नवा प्रकार पारखताना त्याच्या नवलाईपेक्षा, त्यात खेळाडूला कोणता नवा विचार करावा लागतो हे पाहावे. जुन्या भारतीय पद्धतीत प्यादे पहिल्या खेळीतही एकच घर पुढे जाई. किल्लेकोट नव्हता, मात्र शह बसण्यापूर्वी राजाला एकदा घोड्याची चाल खेळता येई. डाव साहजिकच संथ चाले. आंतरराष्ट्रीय नियमांनी त्याला वेग दिला, पण कालांतराने आरंभीच्या खेळ्या पाठ करण्याची प्रथा वाढली. म्हणून बॉबी फिशर यांनी १९९६ मध्ये मागच्या रांगेची मांडणी दरवेळी सोडतीने ठरविण्याची पद्धत मांडली. दोन उंट भिन्न रंगांच्या घरांत आणि राजा दोन हत्तींच्या मध्ये, एवढ्या अटी पाळून ९६० मांडण्या होतात. पट तोच, मोहरे तेच. पाठांतर मात्र फारसे उपयोगी पडत नाही. त्याआधी कापाब्लांका यांनी ८० घरांचा पट आणि दोन नवे मोहरे सुचविले होते. तो प्रकार रुजला नाही. घरातला पट त्याला चालत नसे, हेही एक कारण असावे. क्रॅमनिक यांनी केवळ किल्लेकोट वगळला. २०२० मध्ये अल्फाझीरो या संगणक प्रणालीला अशा ९ प्रकारांत स्वतःशीच खेळवून बरोबरीचे प्रमाण तपासण्यात आले. किल्लेकोटाविना पहिली स्पर्धा त्याच वर्षी जानेवारीत चेन्नईत झाली, म्हणजे किल्लेकोट मुळात नसलेल्या भारतातच.