जतन केलेली अस्थी आणि ‘निर्जंतुक’ हा शब्द

नोव्हेंबर २००१ मध्ये अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात मृत दात्याची अस्थि-कूर्चा गुडघ्यात बसविलेला २३ वर्षांचा तरुण चार दिवसांत मृत्यू पावला. कारण होते क्लॉस्ट्रिडियम सॉर्डेली हा प्राणवायूवाचून वाढणारा जंतू. दात्याचे शव शीतगृहात ठेवण्यापूर्वी १९ तास उलटले होते. तेवढ्या अवधीत आतड्यांतील जंतू अस्थींपर्यंत पोहोचू शकतात. ऊतीची जंतुपरीक्षा झाली होती, पण ती प्रतिजैविकांच्या द्रावणात बुडविल्यानंतर! औषधाचा उरलेला अंश जंतूंची वाढ रोखतो. बीजाणू मात्र जिवंत राहतात. ‘जंतू वाढले नाहीत’ याचे ‘जंतू नाहीत’ असे वाचन झाले. भाषाभ्यासकास तरी हा भेद किरकोळ वाटू नये. गॅमा किरणांनी बीजाणूही नष्ट करता येतात, परंतु मात्रा वाढविली की अस्थीचे बळ घटते.