काळ्या कोंबडीचा रस्सा

गटारी जवळ आली की ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत गावठी कोंबडीची चौकशी सुरू होते. अलीकडे त्यात कडकनाथचं नावही ऐकू येतं. ही काळी कोंबडी मूळची मध्य प्रदेशातल्या झाबुआची. २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. तिचं मांससुद्धा काळं असतं, कारण आपल्या केसांत असतं तेच मेलॅनिन तिच्या कातडीपासून हाडांवरच्या पडद्यापर्यंत पसरलेलं असतं. शिजवल्यावरही ते जात नाही.

खरी परीक्षा मात्र चुलीपाशी होते. ब्रॉयलर साधारण सहा आठवड्यांत कापला जातो, कडकनाथला काही महिने लागतात. वयाबरोबर स्नायूंमधल्या कोलॅजेनचे धागे एकमेकांत घट्ट गुंततात. ते विरघळून जिलेटिन व्हायला ओलावा, उष्णता आणि भरपूर वेळ लागतो. म्हणून मोठ्या आचेवर घाई केली, तर धागे आवळून पाणी बाहेर पडतं आणि तुकडा चिवट होतो. झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर शिजवण्याची आपल्या आज्यांची रीत इथे अगदी योग्य आहे. वाफ थंड झाकणाला लागून पुन्हा रश्शात पडते, आणि झाकणावरचं पाणी तापलं की तेच रश्शात ओतता येतं. कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या आसपास जातं, त्यामुळे वेळ वाचतो.

या मांसात चरबी कमी, आणि मिरचीचा तिखटपणा देणारं कॅप्सायसिन पाण्यात फारसं विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणून आगरी मसाला आधी तेलात परतायचा, भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण सढळ हाताने घालायचं. कोंबडीत कमी असलेली चरबी खोबरं पुरवतं, आणि तर्री लालभडक येते.